तिसऱ्या हाकेला ओ

कॅसलरॉक,
१२ सप्टेंबर १९६३

प्रिय यशवंत,

तू परत नेलेला तो हिरवा वायरलेस सेट अजून तुझ्या दुकानात पडून असेल, तर हे पत्र वाचून होईपर्यंत कुणाला देऊ नकोस. नऊ महिन्यांत माझी एक ओळ नाही, आणि आज एकदम एवढा कागद पाहून तू म्हणशील, उम्याचं काहीतरी काम अडलंय. अडलंय. पण आधी बाकीचं सांगू दे, नाहीतर कामाचं सांगायला तोंड उरणार नाही.

खाण बरी चाललीय. गोवा मोकळा झाल्यापासून गाड्या पुन्हा खाली जातात, मँगनीजला मालगाडीच्या वाघिणी मिळतात. स्टेशनात हमाली करत होतो तेव्हा बोगद्यातून येणाऱ्या इंजिनाचा आवाज ऐकून मी ड्रायव्हरचं नाव सांगायचो, आठवतं? पुढे लाकडाच्या धंद्यात ओंडक्यावर कुऱ्हाडीचा माथा आपटून आतली पोकळी सांगायचो. लोक म्हणतात उमाजीनं डोक्यावर कमावलं. खोटं आहे. मी कानावर कमावलं. आणि यशवंता, या कानांनीच मला गाढव केलं.

गेल्या मार्गशीर्षातले ते आठ दिवस आठव. खाणीचा तळ कुंभारवाड्याकडे, घर आणि कचेरी इथे, मध्ये रान. पावसाळ्यात वाट म्हणजे देवाची मर्जी. वायरलेसचा परवाना हातात आला तसा मी तुला बेळगावहून बोलावलं. पलटणीत सिग्नलला होतास, तुझ्यापेक्षा जाणकार कोण? तू दोन जोड्या आणल्यास. एक हिरवी, लष्करातली जुनी, टोणग्यासारखी. दुसरी करडी, नवी, चकचकीत. पहिले चार दिवस तू तळावरून बोलायचं आणि मी घरच्या सेटपाशी ऐकायचं, पुढचे चार दिवस उलटं, असं ठरलं. बटण दाबायला केशर शिकली. मी तळावर असताना घरचा सेट तिनंच सांभाळायचा होता ना.

पहिल्याच दिवशी करड्या सेटातून तुझा आवाज आला. गूळ वितळावा तसा. "केशरवहिनी, ऐकू येतंय का?" आणि केशरनं लगेच ओ दिली. पहिल्या हाकेला.

तुला वाटेल, यात काय एवढं. ती कुंभारवाड्याची लेक. तिथली माणसं रानातून आलेल्या हाकेला तिसऱ्या खेपेशिवाय ओ देत नाहीत. जे एकदा-दोनदा हाक मारतं ते माणूस नसतं, म्हणतात. लग्नाला अकरा वर्षं झाली, मी नदीपलीकडून हाक मारली तर तीनदा घसा फोडावा लागतो तेव्हा ती वळते. पहिल्यांदा हसायचो, मग सवय झाली. आणि तुला पहिल्या हाकेला ओ? चार दिवस मी मोजलं. सकाळी, दुपारी, दर वेळी पहिल्या हाकेला. वर विचारायची, "आज भावजी कवा बोलनार?"

मग पाळी बदलली. मी तळावर, तू माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर. मी हाक मारली, "केशर." नुसती खरखर. "केशर." खरखर. तिसऱ्या हाकेला, "ओ, हाय मी." करडा सेट इतका साफ की तिच्या बांगड्या ऐकू आल्या, बशीत कप ठेवलेला ऐकू आला, आणि तू काही बोललास त्यावर ती हसली तेही आलं. ते हसू मी ओळखलं नाही. माझ्या घरातला प्रत्येक आवाज मला ठाऊक आहे, हा नव्हता.

शेवटच्या दिवशी तू कौल दिलास, हिरवा घे. मी म्हटलं, अरे, त्यात माणूस नाकात बोलतो. तू म्हणालास, "बोलू दे नाकात. पावसात गोडवा बुडतो, नाकातलं वर तरंगतं." मग तू गड्यांना सेटच्या खोलीवरच्या पत्र्यावर खडी ओतायला लावलीस आणि म्हणालास, हा पाऊस समज, आता ऐक. मी ऐकलंच नाही. माझ्या डोक्यात एकच होतं. हिरव्यातून माझा आवाज कावळ्यासारखा यायचा. करड्यातून मात्र केशर म्हणाली होती, "ह्यात तुमी बरं वाटता." तुझं काय, तू दोन्हीत बराच. मला वाटलं, या माणसाला माझ्या बायकोला कावळा ऐकवायचाय. मी करडा ठेवला, आणि तुला सांगितलं हिरव्याची बॅटरी जड आहे. तू हिरवी जोडी बांधून घेतलीस. जाताना केशरच्या हातचा चहाही घेतला नाहीस, तेवढं मात्र मला बरं वाटलं होतं. आता लिहितानाही लाज वाटते.

श्रावणात दुसऱ्या सोमवारी भर दुपारी खाणीची कड सुटली. लखू मुकादम खाली सापडला. गुडघ्याखालचा पाय दगडाखाली, माणूस शुद्धीवर, मला म्हणतो, "धनी, पाय दिसंना झालाय, हाय का बघा." मी सेटकडे धावलो. वर वीज, पत्र्यावर पाऊस. केशरला तीन हाका मारल्या, तिसरीला तिची ओ आली, गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखी. मी ओरडत राहिलो, रेल्वेचा डॉक्टर पाठव, डॉक्टर, डॉक्टर. ती उलट विचारत राहिली, काय, काय म्हनता? तिला आवाज माझाच कळत होता. गोडवा पोचला, यशवंता. शब्द पोचले नाहीत.

शेवटी मी बोलणं सोडलं आणि रानात घालतात तशी कूक घातली, तीन लांब. संकट आहे, या. ती तेवढी पोचली. केशर स्टेशनात पळाली, माणसं गोळा केली. पण कशाचं संकट हे तिला काय माहीत? नदी भरलेली, तिला वाटलं आम्ही पाण्यात अडकलो. तिनं ट्रकमधून दोर आणि पोहणारे गडी पाठवले. ते परत जाऊन डॉक्टरला घेऊन यायला दुसऱ्या दिवसाची सकाळ झाली. लखूचा पाय काढावा लागला. वेळेत पोचलो असतो तर वाचला असता, असं डॉक्टर मला तोंडावर म्हणाले.

दवाखान्यातून परतताना गाडीत मी केशरला सगळं सांगितलं. सेट का ठेवला ते, ओ मोजली ते, हसू ऐकलं ते. वाटलं, ही रडेल किंवा बोलायची थांबेल. ती म्हणाली, "भावजी त्या दिवशी तुमच्या हमालीतल्या गोष्टी सांगत व्हते. टोपलीसकट चिखलात पडलेलं तुमी. त्याला हसले मी." मी विचारलं, आणि ओ? तर म्हणते, "परक्याला पयल्या हाकेला ओ दिली म्हनून काय हुतंय? रानातलं ते परक्याच्या आवाजात बोलवत न्हाई. आपल्या मानसाच्या आवाजात बोलवतं. म्हनून तुमच्याच हाकेला तीनदा थांबते मी. येवढी वर्सं झाली, येवढं बी ठावं न्हाई व्हय?"

नव्हतं ठाऊक. ओंडक्याची पोकळी ओळखणाऱ्याला नव्हतं ठाऊक.

तर आता काम. लखू परवा घरी आला. घरच्या सेटपाशी आता तो बसेल, मी त्याला शब्द दिलाय. तो म्हणतो, "धनी, बसतो, पर ह्या गोडबोल्या डब्यापाशी न्हाई." त्याला शिकवायला तुझ्याशिवाय कुणी नाही. हिरवी जोडी घेऊन ये. सेट निवडण्यात चूक माझी होती आणि बॅटरीचं खोटंही माझंच, हे मी लखूला सांगितलंय. तुला तोंडानं सांगायची हिंमत नाही म्हणून हे पत्र. तू आलास की पत्र्यावर खडी मी स्वतः ओतीन. केशर चहा ठेवील, या खेपेला पिऊन जा. सेटवर तिला हाक मार, ती पहिल्याच हाकेला ओ देईल. मी शेजारी बसून ऐकेन, आणि खरं सांगतो, थोडं जळेनही. सवय एका पावसात जात नाही. पण त्यानंतर मी तळावर जाईन, कावळ्याच्या आवाजात हाक मारीन, आणि दोनदा मिळणाऱ्या त्या खरखरीचा तू हेवा करायचास.

तीन हाकांचा धनी, तुझाच
उमाजी