पाहुण्यांचा कप

हा-लेबोना, माफेतेंगजवळ
ऑक्टोबर (तारीख मापालेसाला विचारावी लागेल आणि ती आत्ता डुकरांपाशी आहे)

आदरणीय मोखेथीदादा यांस,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे माझा, सेआबाताचा नमस्कार. तुम्हाला शांती असो, तुमच्या घरादाराला शांती असो, आणि तुमच्या डाव्या गुडघ्याला त्याहून थोडी जास्तच असो. खोकला कसा आहे? माझा खोकला माझ्याबरोबरच निवृत्त होईल असं खाणीच्या डॉक्टरने सांगितलं होतं, पण तो अजून कामावर आहे. वहिनींना आणि मुलांना आठवण सांगा. इकडे सगळं ठीक आहे. गाय ठीक, डुकरं ठीक, कोंबड्या ठीक, आणि तुमची बहीण मापालेसा तर इतकी ठीक आहे की तिचं माझ्यावाचून काहीच अडत नाही. (हे सहज लिहिलं. पत्राचं कारण हे नव्हे. पत्राला काही कारणच नाही.)

आपण दोघांनी खाणीच्या वसतिगृहात शेजारशेजारच्या खाटांवर सगळी उमर काढली, आणि घर पाहिलं ते फक्त नाताळला. निवृत्त झाल्यावर तुम्ही तिकडेच मुलाच्या घरामागे खोली बांधून राहिलात, तेव्हा मी तुम्हाला घर विसरलेला माणूस म्हणालो होतो. ते मागे घेतो. ऑगस्ट संपताना मी कायमचा म्हणून बसमधून उतरलो, तर आमच्या अंगणातला पीच फुलांनी गच्च भरलेला. दादा, ते झाड मी स्वतःच्या हाताने लावलंय, पण फुललेलं कधी पाहिलंच नव्हतं. मला ते ठाऊक होतं नाताळातलं, हिरव्या कडक फळांचं. पिकलेली फळं मला वाळवून, पिशवीत भरून, कुणाबरोबर तरी पोचायची. फाटकाशी उभा राहून मी त्या फुलांकडे बघत राहिलो, आणि कुत्रा मला चावला. कुत्र्याला दोष देत नाही. नाताळ नसताना आमच्या फाटकाशी बॅग घेऊन उभा असलेला माणूस चोरच असणार, असं त्याला वाटलं तर त्यात चूक काय?

मापालेसाने कुत्र्याला जे झापलं ते खालच्या आळीपर्यंत ऐकू गेलं. मग मला आत नेऊन चांगल्या खुर्चीत बसवलं, कोंबडी कापली, ज्वारीची बियर काढली, आणि शेजारची मानेओ आणि आणखी चार जणी येऊन मला बघून गेल्या. अगदी नाताळसारखं. पण नाताळचं कसं असतं, की आठवडाभराने माणूस जातो. यावेळी आठवडा संपला आणि मी गेलोच नाही. नवव्या की दहाव्या दिवशी सकाळी उठलो तर टेबलावर पंच्यात बांधलेली शिदोरी. वाफवलेला पाव, तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी, शेजारी इस्त्री केलेले शर्ट. मी विचारलं, अगं, हे कुणासाठी? ती म्हणाली, “तुमच्या...” आणि थांबली. बिचारीचा हात सवयीने चालला होता. शेवटी ते गाठोडं पीचखाली नेऊन सोडलं आणि दोघांनी खाल्लं. मी आजवर ती शिदोरी बसमध्येच खाल्ली होती, डोळे पुसत. घरी बसून खाल्ली तरी चव तीच लागली, हे मी तुम्हाला सांगतो आणि दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

आता त्या चांगल्या खुर्चीबद्दल. तिच्यावर दुकानातलं प्लास्टिक अजून आहे. थंडीत ठीक असतं, पण ऊन चढलं की पाठ चिकटते आणि उठताना असा आवाज होतो की कोंबड्या पळतात. घरातली माणसं (म्हणजे मापालेसा, आणि येतील तेव्हा आमची लेक पालेसा नि तिची पोरं) चुलीपाशी बाकड्यावर बसतात आणि टवके उडालेल्या पत्र्याच्या मगातून चहा पितात. मला चहा मिळतो निळ्या फुलांच्या कपात, बशीसकट. तुम्हाला तो कप आठवत असेल, तुम्हीही त्यातून प्यालायत. तो फक्त मला, तुम्हाला आणि पाद्रीबुवांना. असा कप घरात एकच. परवा पाद्रीबुवा आले तेव्हा आधी मी प्यालो, मग तिने तो धुतला, मग ते प्याले. तोवर आम्ही दोघे पाहुणे एकमेकांकडे बघत, हवा फार कोरडी आहे असं म्हणत बसलो.

सकाळी मी विचारतो, आज मी काय करू? ती म्हणते, “बसा तुम्ही, दमून आलात.” दादा, ऑगस्टपासून मी दमून आलेलो आहे! पाणी आणायला उठलो तर “बसा तुम्ही.” गाय सोडायला गेलो तर “ती तुम्हाला ओळखत नाही, मारेल, बसा तुम्ही.” गुरुवारी ती प्रार्थनामंडळाला जाते, शनिवारी कुणाच्या तरी मातीला, मधल्या दिवसांत शेतात, आणि मी प्लास्टिकवर. आणि बोलणं! तुमच्या बहिणीची जीभ तुम्हाला ठाऊक आहे, लहानपणापासून तुम्ही तिचा मार खाल्लाय. ती कुत्र्याला बोलते, कोंबड्यांना बोलते, मानेओला कुंपणावरून बोलते, फोनवर पालेसाला बोलते. पाद्रीबुवांनी उपदेश लांबवला म्हणून त्यांनाही बोलली. मला मात्र नाही. मला ती “हो” म्हणते आणि “बरं” म्हणते. परवा ती डुकराला म्हणत होती, “आयतोबा, लोळण्याशिवाय काही येतं का रे तुला? खातोस तेवढं तरी चाल!” मी आत बसून ऐकत होतो आणि खरं सांगतो, मला त्या डुकराचा हेवा वाटला.

मग मी ठरवलं की आपण होऊन काहीतरी करायचं. (इथपासून जे झालं त्याला पूर्णपणे मी जबाबदार आहे, पण हेतू चांगला होता. हे वाक्य मी खाणीतही बऱ्याचदा लिहून दिलंय.) आमच्या घराची पुढची भिंत तुम्ही पाहिली आहे. तुम्हीही नाताळलाच पाहिली असणार, म्हणजे पावसाने अर्धी धुऊन गेलेली, लाल मातीचे ओघळ आलेली, कुठे एखादी पाकळी शिल्लक. ती अवस्था बघून दरवर्षी मला वाटायचं, बाई बिचारी सप्टेंबरात, वसंत लागला की, शेणमातीने सारवते, बोटांनी नि जेवणाच्या काट्याने नक्षी ओढते, आणि मी येईपर्यंत सगळं वाहून जातं. लहानपणी आईला सारवताना बघितलं होतं, पण तेव्हा माझं लक्ष गुरांत. म्हणून येताना मी वसतिगृहाची दारं रंगवून उरलेला हिरव्या तैलरंगाचा डबा आणला होता. तो रंग तुम्हाला आठवेल. तो तीस वर्षं आपल्या दारांवरून कधी हलला नाही. सप्टेंबरात मापालेसा पलीकडच्या गावी मातीला गेली, रात्री तिथेच राहणार होती. मी डबा उघडला आणि भिंत रंगवून काढली. वरपासून खालपर्यंत, दोन हात. भिंत अशी चकाकली की कोंबड्या तिच्यात स्वतःला बघायला लागल्या. मानेओ कुंपणाशी आली, बघत राहिली, आणि म्हणाली, “पालेसाचे बाबा, ही भिंत आता पाऊस धुणार कसा?” मी अभिमानाने म्हणालो, धुणारच नाही! ती आत निघून गेली. तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं.

मापालेसा दुसऱ्या दिवशी आली. फाटकाशी थांबली, डोक्यावरचं बोचकं तसंच. मी वाट बघत होतो, आता बोलेल, मग बोलेल. डुकराला बोलली त्याच्या निम्मं बोलली असती तरी मी तिचे पाय धरले असते. ती म्हणाली, “छान झालंय. दमला असाल. बसा तुम्ही.” आणि आत जाऊन चहा केला. निळ्या फुलांच्या कपात. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लाल मातीची बादली उचलली, मानेओकडे गेली आणि तिची भिंत सारवायला बसली. हे काम बायका एकमेकींकडे जाऊन करतात, त्यात विशेष काही नाही, असं मी स्वतःला सांगितलं. पण माझ्या खुर्चीतून नेमकी तीच भिंत दिसते. चार पाकळ्यांची फुलं, एक लाल, एक पिवळं, सगळी भिंत भरून. ओली असतानाची ती नक्षी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. ती शेजाऱ्याच्या घरावर होती.

पुढचं थोडक्यात सांगतो. पाऊस लांबला. आमच्याकडे तुम्हाला माहीतच आहे, पावसाने नक्षी धुऊन नेली म्हणजे पूर्वजांना ती पोचली, ते खूष. जी भिंत धुताच येत नाही तिच्यावरून पूर्वजांनी काय समजायचं? रस्त्याने जाणारे म्हातारे मला रामराम करायचे, मग आभाळाकडे बघायचे, मग भिंतीकडे. पावसाऐवजी मग अवेळी बर्फ पडला, ओला, जड. पीचची फुलं एका रात्रीत काळी पडली. यंदा त्या झाडाची पिकलेली फळं मी हाताने तोडून खाणार होतो. बर्फानंतर ऊन आलं, आणि हिरवा रंग उतू जाणाऱ्या दुधासारखा फुगला आणि पोपडे धरून गळायला लागला, खालची माती घेऊन. आज भिंत अशी दिसते की तिला गोवर झालाय. मी मापालेसाला म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, “असू दे.” एवढंच. दादा, परक्या माणसाला आपण असंच म्हणतो ना, त्याच्या हातून बशी फुटली तर?

असो. वसंत संपत आला. बाकी सर्व क्षेम. तुमच्या गुडघ्याची काळजी घ्या, गरम विटेने शेका.

तुमचा,
सेआबाता

ता. क. हे पत्र शनिवारच्या टॅक्सीवाल्याबरोबर धाडतोय. एक लहानसं काम होतं, आत्ताच आठवलं. तुम्ही तुमच्या बहिणीला असं लिहा, की तुमचा गुडघा फार बळावलाय आणि सोबतीला मी हवाय, नाताळपर्यंत. मी तुमच्या खोलीत जमिनीवर झोपेन, त्रास देणार नाही. म्हणजे मग मला नाताळला घरी येता येईल. मी बसमधून उतरेन आणि ती नवा फ्रॉक घालून फाटकाशी उभी असेल, हसत. तेवढंच आम्हा दोघांना नीट येतं. बाकीच्या महिन्यांचं आम्हाला कुणी शिकवलंच नाही. कृपया लवकर लिहा.

ता. क. दुसरा. शनिवारी टॅक्सी आलीच नाही, चाक निघालं म्हणे. बरं झालं. गुडघ्याचं काही लिहू नका! आज सकाळी चहा आला तो पत्र्याच्या मगात, काठाचा टवका उडालेला, कानाला गंज. आणि तो मग खाली ठेवता ठेवता ती जे सुटली! “किती दिवस बसणार अजून? भिंतीचं वाटोळं कुणी केलं? मी? आता ते हिरवं खरवडून काढायचं, आणि शेण कालवायला काय पाद्रीबुवांना बोलावू? उठा! आणि ते बूट काढा आधी!” मी इतक्या घाईने उठलो की खुर्चीचं प्लास्टिक फाटलं. दिवसभर शेण कालवलं. रस्त्याने जाणारे म्हातारे उभे राहून हसले, कारण हे बायकांचं काम. मी त्यांनाही रामराम केला.

ता. क. तिसरा. घाई झाली. संध्याकाळी न राहवून मी तिला विचारलं, आज मगात चहा कसा? ती म्हणाली, “कप फुटला. हातातून पडला.” म्हणजे बघा, मी उगाच वेड्यासारखा दिवसभर शीळ घालत होतो. कप असता तर कपातच मिळाला असता. आणि बोलणं म्हणाल, तर शेण वाळत चाललं होतं, त्यावरून कुणालाही बोलली असती. तेव्हा आधी लिहिल्याप्रमाणे गुडघ्याचं लिहा. वाटल्यास दोन्ही गुडघे लिहा.

ता. क. चौथा. लिहू नका. आज खालचा हात सारवून झाला आणि नक्षीसाठी तिला जुना काटा हवा होता. म्हणाली, पेटीत असेल, बघा, आणि जरा हात चालवा. मी पेटी उघडली. तळाशी पालेसाची बाळपणीची लोकरी टोपी होती, आणि तिच्यात गुंडाळलेला निळ्या फुलांचा कप. अख्खा. बशीसुद्धा होती. मी पेटीपाशी जरा वेळ बसलो. बाहेरून ओरडणं चालूच होतं, “झोपलात का तिथे?” मी कप होता तसा गुंडाळून ठेवला, काटा घेऊन बाहेर गेलो, आणि तिला काही बोललो नाही. तुम्हीही बोलू नका. नाताळला मात्र वहिनींना घेऊन नक्की या. आम्ही दोघं फाटकाशी उभे असू, कुत्र्याला मी धरीन. तुम्हाला चहा त्या कपात मिळेल. फुटलेला कप जुळला कसा, एवढं मात्र विचारू नका.