मांडीवरचा भोपळा

उमेळे,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मेघनास,
वसुंधराताईचे अनेक आशीर्वाद. उन्नतीचा माझ्या वतीने एक गालगुच्चा घे. हळूच घे, तुझ्या नखांचा भरवसा नाही.

पत्र बघून चकित झाली असशील. काय करू, फोनवर माझा आवाज चढतो आणि मग तू नुसतं 'हं, हं' करतेस. कागदावर निदान शेवटपर्यंत बोलता येतं.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतोय, तरी बाळाचा पाळणा रोज स्वतःच पुसते. वाडीत भाजी बरी आलीय. समोर आणखी एक बिल्डिंग चढतेय, दिवसभर नुसती धूळ. माझ्या कपाळाला टेंगूळ आलंय, पण ते काही विशेष नाही.

अनिश म्हणाला, तू अजून महिनाभर ठाण्याला माहेरीच राहणार. बाळाला सर्दी आहे म्हणे. मेघना, सर्दीबिर्दी काही नाही, मला कळतं. माझं बोलणं तुला लागलं. "गाडीत बाळासाठी खुर्ची लावणार असाल तर त्या खुर्चीलाच आत्या म्हणा," असं मी बोलून बसले. आपल्या घरात बाळ पहिल्यांदा येतं ते आत्याच्या मांडीवर. अनिशलासुद्धा आमच्या आत्यानेच आणला होता. आणि इथे ती प्लास्टिकची खुर्ची, तिला पट्टे, वर पोरीचं तोंड मागे करून बसवायचं! नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. तू मात्र शांतपणे म्हणालीस, "ताई, प्रश्न तुमच्या मायेचा नाही, ब्रेकचा आहे." त्याचाच तर जास्त राग आला.

बरं, टेंगळाचं सांगतेच. परवा आग्नेलच्या गाडीतून वसईच्या बाजारात निघाले. आग्नेल म्हणजे मागच्या वाडीतला, आपली भाजी नेतो तो. मागे आपटून खराब होईल म्हणून सगळ्यात देखणा लाल भोपळा मी पुढच्या सीटवर मांडीवर घेतला. उचलताना मनात आलंही, आपल्या उन्नतीएवढाच भरेल. "ताई, पट्टा लावा," आग्नेल म्हणाला. मी म्हटलं, "भोपळा घेऊन कसा लावू? गप गाडी चालव."

गाडी काही पळत नव्हती गं. वळणावर कुत्रा आडवा आला आणि आग्नेलने ब्रेक दाबला. दोन्ही हातांनी घट्ट धरला होता मी तो भोपळा. विहिरीचं पाणी ओढणारे हात आहेत माझे! पण कधी सुटला ते कळलंसुद्धा नाही. समोर आपटून त्याची दोन छकलं झाली, बिया माझ्या केसांत आणि कपाळ काचेवर.

रस्त्याच्या कडेला बसून मी भोकाड पसरलं. आग्नेल बिचारा म्हणतो, "एका भोपळ्यासाठी एवढं रडतात काय, ताई?" त्याला काय सांगणार?

तुलाही सांगायचं टाळत होते, पण आता लिहूनच टाकते. माझं लग्न जमलं नाही, मूलबाळ नाही. ठाण्यापासून उमेळ्यापर्यंत तरी एक बाळ माझ्या मांडीवर असेल, मधेच कुणी मागून घेणार नाही, एवढीच हाव होती गं. त्या हावेपायी मी पोरीला पुढच्या सीटवर घेऊन बसले असते.

रविवारी अनिशबरोबर मीही ठाण्याला येते. खुर्ची मागच्या सीटवर पक्की बसवून आणू. मी तिच्या शेजारी बसेन, माझा पट्टा लावून. घरी पोचल्यावर मांडी आहेच, ती कुठे पळून जात नाही.

पण माझं एक ऐकायचं. बाळाला खुर्चीत ठेवलं की तिचे पट्टे मी लावणार. कसे लावायचे ते शिकव, चुकले तर ओरड, खुशाल ओरड. आजपासून आपल्या घरात तो मान आत्याचा. उद्या तुझ्या उन्नतीला भाऊ झाला तर त्याच्या पोरांचे पट्टे उन्नती लावेल.

रविवारी दार उघडं ठेव.

तुझी ताई,
उन्नतीची आत्या,
वसुंधरा