साडूला नमवणारं निळं फूल

६ सप्टेंबर, सकाळी

फूल देशीच! कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या मॅडमनी फोटो बघून कळवलं: देशी असावं, एका हंगामापुरतं उगवणारं असावं, पण मूळ पाहिल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. त्या विद्वान आहेत, म्हणून 'असावं' म्हणतात.

साडू मेला.

दुपारी

लिहून ठेवतो, म्हणजे राग थंड होणार नाही. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, जनरेटरच्या मागे, एकुलतं एक रोप. निळसर-जांभळी फुलं. फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. साडूने सगळ्यांदेखत लिहिलं, साडूभाऊ, हे नर्सरीतून पळालेलं विलायती झुडूप आहे, तुम्ही आपल्या पॉलिस्या विका. खाली मेहुणीचे हसरे चेहरे. त्यात सौ.चाही एक!

पैज लावली. हरेल त्याने जिंकेल त्याला वर्षभर 'सर' म्हणायचं. चारचौघांत.

७ सप्टेंबर

संकल्प: जिंकल्यावर मोठं मन अजिबात दाखवायचं नाही.

आरशासमोर 'हं, बोला' म्हणायची प्रॅक्टिस. सौ.ने विचारलं, कोणाशी बोलताय? म्हटलं, तुझ्या भाऊजींशी. ती म्हणाली, मग फोन लावा की.

९ सप्टेंबर

मुळाचा मुद्दा डोक्यातून जाईना. विलायती झुडपाचं मूळ जाडजूड, वर्षानुवर्षं टिकणारं. हंगामी रोपाचं बारीक. लंच टाइममध्ये जनरेटरमागे गेलो आणि उपटलंच. मूळ धाग्याएवढं! शास्त्र माझ्या बाजूने.

वॉचमन बघत होता. त्याला म्हटलं, संशोधन.

संध्याकाळी

पुरावा टेबलावरच्या ग्लासात ठेवला होता. जरा मान टाकलीय. एसीमुळे.

१० सप्टेंबर

साडू शरण! ग्रुपवर लिहिलंय, मी मॅडमना भेटलो, साडूभाऊंचंच बरोबर दिसतंय. हे फूल या भागात कित्येक वर्षांत कोणाला दिसलेलं नाही. मॅडम म्हणाल्या, तेवढंच एक रोप असेल तर त्याला कोणी बोटसुद्धा लावू नका, बी धरू द्या. उद्या सकाळी सात वाजता आपण सगळे बघायला जाऊ. मॅडमही येतायत. रोपासमोर उभा राहून मी साडूभाऊंना पहिल्यांदा 'सर' म्हणेन.

मेहुणीने टाळ्या पाठवल्या. सौ.नेही.

संध्याकाळी

कुंडीत लावून पाहिलं. उभं राहत नाही. काडी बांधली. आता काडी उभी आहे.

वॉचमनला म्हटलं, उद्या रविवार, तू सुट्टी घे. तर म्हणाला, छे साहेब, मी येणारच. कुठून उपटलंत ती जागा माझ्याशिवाय कोण दाखवणार त्यांना?