सिनिऑरिटीनं निवडलेलं झुडूप

ती. स्व. भानुदास दाजी यांना, जबल अख्दरच्या डोंगरावरच्या गारठ्यातून दयानंदचा सविनय जय भीम.

तुमचा गुडघा काय म्हणतो? आणि रेखाताईची साखर? (तिला सांगा, गोळी घेतली म्हणजे जिलेबी माफ होते असं कुठलाही डॉक्टर म्हणत नाही.) इकडे आम्ही तिघंही मजेत. म्हणजे कल्पना आणि इरा मजेत आहेत आणि मी त्यांच्याबरोबर राहतो. फोनच केला असता, पण कंपनीच्या क्वार्टरच्या भिंती पातळ, भिंतीपलीकडे प्रफुल्ल राहतो, आणि मला जे सांगायचंय ते सगळं त्याच्याबद्दलच आहे. म्हणून लिहायला बसलो.

प्रफुल्ल म्हणजे आमच्याच पाणीपुरवठ्याच्या कामावरचा पुण्याचा इंजिनिअर, मला दोन वर्षांनी ज्युनिअर. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघं खाली सपाटीवरच्या एका नर्सरीत गेलो होतो. तिथं विंटरबेरी नावाच्या झुडपाची रोपं आली होती. थंड देशातलं झुडूप. हिवाळ्यात पानं सगळी झडतात आणि नुसत्या काड्यांवर लालभडक फळं लगडतात. मस्कतमध्ये ते आठवड्यात भाजून निघालं असतं, पण इथं जबल अख्दरवर जानेवारीत बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरते, तेव्हा इथं जगेल असा आम्ही हिशोब केला. नर्सरीवाला जोडीच घ्या म्हणून मागे लागला. एका रोपाला चिठ्ठी होती ‘मिस्टर’ आणि दुसऱ्याला ‘मिसेस’. आता दोघांत सिनिअर कोण? मी! मिस्टर म्हणजे दणकट, वरच्या दर्जाची जात असणार, हे उघडच होतं, म्हणून मी ते उचललं. प्रफुल्ल “चालेल की” म्हणाला आणि मिसेस घेऊन गाडीत बसला. दाजी, हा माणूस “चालेल की” म्हणतो ना, तेव्हाच आपण सावध व्हायला पाहिजे.

जबलाची माती या झुडपाला मानवत नाही, म्हणून दोघांनीही अर्धे ड्रम आणले, मस्कतहून विकतची माती आणली, आणि भिंतीच्या अलीकडे माझं, पलीकडे त्याचं, अशी लावली. पहिल्या हिवाळ्यात दोघांकडे काहीच नाही. तो हिवाळा फार सुखाचा गेला. दुसऱ्या हिवाळ्यात मात्र एके सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर आलो तर पलीकडे सगळं लालच लाल! आणि माझ्याकडे? खराट्याच्या काड्या. कल्पना बाहेर येऊन म्हणाली, “तुमचं वाळलं का हो?” इरा म्हणाली, “बाबा, आपला प्लांट सॅड आहे.” दाजी, अंगाचा तिळपापड झाला.

बरं, प्रफुल्ल जरा मिरवला असता तर बरं वाटलं असतं. पण नाही! दर शुक्रवारी स्वतः एक फांदी कापून, तळाशी ओला कापूस गुंडाळून, दारात हजर. “वहिनी, वंदनेला ठेवा.” (माणसानं इतकं चांगलं असू नये. शेजाऱ्यांच्या तब्येतीवर परिणाम होतो.) कल्पना ती फांदी बुद्धमूर्तीपुढे ठेवते आणि मी तिच्यापुढे डोळे मिटून बसतो. तोंडानं त्रिशरण, मनात प्रफुल्ल. मन शांत व्हायचं कसं? आपल्या घरातल्या मूर्तीपुढे आपल्या झाडाचं एक, फक्त एक लाल फळ असावं, एवढंच माझं मागणं होतं. त्यासाठी मी झुडपाला चहाचा चोथा घातला, व्हिनेगरचं पाणी घातलं, एकदा तर ऑफिसातल्या अर्बाबला, म्हणजे इथल्या मालकाला, विचारून बकरीच्या लेंड्यांची गोणी आणली. काही उपयोग नाही. उलट बुलबुल त्याच्याकडे फळं खायचे आणि पोट साफ करायला माझ्या काड्यांवर येऊन बसायचे. म्हणजे पाहा, पाखरांनीसुद्धा वाटण्या करून घेतल्या होत्या.

या वर्षी मात्र मी ठरवलं, बस्स, खलास. मस्कतमधल्या मत्रहच्या बाजारातून लाल काचेचे मणी आणले आणि कल्पना इराला घेऊन निझवाला भाजी आणायला गेली तेवढ्यात, बारीक तारेनं एकेक मणी काड्यांना बांधला. बोटं सोलली, पण झाड असं काही उजळलं की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. कल्पना गाडीतून उतरली आणि जागीच उभी राहिली. “अगंबाई, आपल्यालाही आली!” दाजी, लग्नानंतर एवढ्या कौतुकानं तिनं माझ्याकडे पाहिलेलं मला आठवत नाही. प्रफुल्ल भिंतीवरून वाकून वाकून “वा, दयानंददादा!” म्हणत होता. आणि त्याच्या बोलण्यात जराही खोट नव्हती, हे सगळ्यात वाईट.

पण सुख किती टिकावं? शुक्रवारी उमामा जेवायला आली. ही इथली शेतकी खात्यातली अधिकारी, कल्पनाची मैत्रीण. ती झाडाजवळ गेली, मण्यावर नखानं टिचकी मारली. टिंग्! मग तिनं ड्रमला अजून लटकलेली ती चिठ्ठी वाचली आणि हसत हसत भिंतीला टेकली. म्हणाली, या जातीत नर वेगळा आणि मादी वेगळी. फळं धरतात मादीला, पण जवळपास नर फुलला तरच. तुमचं मिस्टर म्हणजे नर, त्याला सात जन्मांत फळ धरायचं नाही. आणि मग, माझी समजूत घालायची म्हणून, “मबरूक, अभिनंदन! शेजारच्या सगळ्या फळांचा बाप तुमच्याकडे आहे.” इरानं लगेच विचारलं, “म्हणजे आपला प्लांट डॅडी आहे?” फांदी घेऊन आलेल्या प्रफुल्लनं पुढे होऊन माझे दोन्ही हात हातात घेतले आणि गहिवरून म्हणाला, “दादा, म्हणजे हे सगळं तुमच्यामुळे!” मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन हिवाळे मी ज्या फळांवर जळत होतो, ती माझ्याच झाडाच्या कृपेनं, आणि नाव मात्र त्याचं! कल्पना कात्री आणून एकेक मणी उतरवत बसली.

असो. गुडघ्याला शेक देत जा. रेखाताईला नमस्कार.

आपला,
दयानंद

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहूनच गेलं. गेल्या महिन्यात मी तुम्हाला गळ घातली होती की बौशरच्या हेड ऑफिसातले तुमचे वर्गमित्र अंबरीशसाहेब यांच्या कानावर घाला, प्रफुल्लसारखा हुशार माणूस खाली समुद्रकाठच्या सूर गावच्या कामावर हवा. कृपया ते बोलणं ताबडतोब थांबवा. मादी सूरला गेली तर माझा नर इथं नुसता फुलून काय करणार?

ता. क. २. पत्र पाकिटात घालणार तोच प्रफुल्ल पेढे घेऊन आला. सूरची ऑर्डर आली. बढतीवर! समुद्रासमोर घर आणि नवी गाडी. (दाजी, मी हुशार म्हणा म्हटलं होतं, एवढं हुशार नव्हे!) सूरच्या उकाड्यात झाड मरेल म्हणून त्यानं ड्रम आमच्या अंगणात आणून ठेवला आणि त्याला रडू आवरेना. तेव्हा आता दोन्ही झाडं माझी, सगळी फळं माझी. संध्याकाळी कल्पनानं त्याचीच फांदी तोडून मूर्तीपुढे ठेवली आणि इराला म्हणाली, “प्रफुल्लभाऊंच्या झाडाला रोज पाणी घालायचं हं.” दाजी, पाया पडतो, काहीही करा, पण ती बदली रद्द करवा. माणूस समोर असला तर निदान त्याच्यावर जळता तरी येतं.