प्रांजलचं लग्न आणि आपोआप वाजणारा पियानो

३ एप्रिल
दौंडच्या भंगारवाल्याकडून पियानो आणला. साधासुधा नाही, आपोआप वाजणारा. भोकं पाडलेला कागद आत फिरतो, भाता हवा ओढतो, भोक आलं की पट्टी खाली. रेल्वेतल्या कुणा साहेबाचा असणार. लेकीच्या, प्रांजलच्या लग्नात हाच वाजणार. निमोण्याच्या बँडला नको म्हणून कळवलं. लाल डगले, घामाचा वास, तीच ती गाणी. वीट आलाय.

४ एप्रिल
झाकण उघडलं. आत उंदरांचं बाळंतपण. लेंड्या, कुजकं चामडं, ओकारीच आली. कागद फस्त, भात्याच्या चिंध्या. किरकोळ काम, आठवड्यात होईल. सौ. नाकाला पदर लावून म्हणाली, ही घाण मांडवात नको. तिला संगीतातलं काय कळणार.

९ एप्रिल
भात्याला रेक्झिन चिकटवलं. फुस्स. शिरूरच्या पेटीवाल्याला फोन केला. म्हणाला, पेटी असेल तर आणा, कपाट नको. कलेची कदर संपली.

१३ एप्रिल
सुचलं! दूध काढायच्या मशीनचा व्हॅक्युम पंप. शेवटी हवाच ओढायची ना? जोडला. पट्ट्या थरथरल्या. माझे डोळे भरून आले. गाईंचं काय, हातानं पिळतील बायका. आमच्या आईनं जन्मभर तेच केलं.

१८ एप्रिल
कागदही मिळाला. ढोबळी मिरचीच्या वाफ्यांवर अंथरून उरलेला मल्चिंग पेपर, म्हणजे प्लास्टिकच, मापानं कापला. रोपं लावायच्या पंचनं भोकं पाडली, ओळीमागून आडवी ओळ, सारख्या अंतरावर. देखणं काम. थोरला भाऊ संपतआप्पा बघून म्हणाला, "गाणं आन् मिरची एकाच अंतरानं लावत्यात व्हय?" अडाणी माणूस.

२६ एप्रिल
घरात तमाशा. पिळून पिळून सौ.चं मनगट सुजलं, म्हणून प्रांजल धारेला बसली. मेंदीच्या हातांनी. कोपरापर्यंत शेण. बघूनच किळस आली. मला म्हणाली, पप्पा, पियानो नाही वाजला तरी चालेल, अक्षता पडताना तुम्ही माझ्याजवळ थांबा. म्हटलं, बटण दाबलं की आलोच.

२७ एप्रिल, रात्री
बटण दाबलं. ढ्यांऽ. गप्प. ढ्यांऽ. सगळ्या पट्ट्या एकदम. वऱ्हाडाला वाटलं मांडवाचे पाइप कोसळतायत. बाया पोरं उचलून उसात पळाल्या. तेवढ्यात पंपानं मल्चिंग गिळलं. खाली शिरलो, अडकलेला कागद दिवस मावळेपर्यंत ओढत बसलो. आतून मेल्या उंदराचा वास. मधेच बाहेर एकदम टाळ्या झाल्या. म्हणजे थोड्या लोकांना तरी समज आहे.

३ मे
मोबाईलवर लग्नाचे फोटो आले. अक्षता पडताना प्रांजलच्या शेजारी संपतआप्पा. कन्यादानाला आप्पा आणि वहिनी. पाठवणीला ती ज्याच्या गळ्यात पडून रडतेय, तोही आप्पाच. टाळ्या कशाच्या होत्या ते आज कळलं.

मी एकाच फोटोत आहे. पियानोखालून बाहेर आलेले दोन पाय. सौ.ला म्हटलं, आहे की मी. निदान पाय तरी.

ती चहा गाळत होती. वर न बघता म्हणाली, "जावई इचारत हुते, ह्यो कोण पिऊन पडलाय. प्रांजल म्हणली, मांडववाल्याचा गडी असंल."

चहा तसाच राहिला. दिवसभर अन्न गेलं नाही.