वादळात मासा काठाला येतो

३ ऑक्टोबर, शुक्रवार.
संकल्प. येत्या बारा तारखेला लेक दिपाली आणि जावई शिवशंकरराव जेवायला येणार. पानात सिद्धेश्वर धरणाचा मासा असेल आणि तो मी स्वतः गळाने धरलेला असेल. दुसऱ्याने धरलेला मासा यापुढे तोंडात घालणार नाही, असं जावयांना फोनवर ठणकावून सांगितलं. गेल्या खेपेला शिवशंकरराव म्हणाले होते, 'मामा, तुमच्या हाताला मासा न्हाई लागायचा.' म्हणाले आणि हसले. ते हसू मी विसरलेलो नाही.

विलायती व्हिडिओ पाहिला. बास नावाचा मासा वादळात काठाला येतो. आपला रोहू तरी काय वेगळं करणार? रीळवाली काठी ऑनलाइन मागवली.

५ ऑक्टोबर, रविवार.
ऊन. जाण्यात अर्थ नाही. ॲपवर मंगळवारी वादळ आहे. आमिष: अर्धा किलो कणीक, तूप, हिंग. एवढ्या तुपात घरच्या पोळ्या झाल्या असत्या, असं आमच्या सौभाग्यवतींचं, अनुसयाचं म्हणणं. बाईला शास्त्र कळत नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार. दुपारी ३.
वादळ उत्तम. छत्री उलटली, टोपी पाण्यात. गळ तीनदा बाभळीत अडकला, मग पाण्यात पडला. दर वेळी कणीक गायब, गळ मोकळा. म्हणजे मासा आहे. निम्मं काम झालं.

८ ऑक्टोबर.
सर्दी. उद्या एक किलो कणीक.

९ ऑक्टोबर, गुरुवार.
विजा, वारा. धरणावर मासे विकणाऱ्या केशरबाईने शेडमधून विचारलं, 'काका, इजा चमकून राहिल्या, तुमी काठी घेऊन काहून उभे?' वर, कोणता ग्रह मागे लागला, शनी काय, हेही विचारलं. माशांना कणीक चारतात ते ग्रहासाठी, हे मलाही ठाऊक आहे. हे अँगलिंग आहे, गळाने मासे धरायचा खेळ, असं समजावलं. ती म्हणाली, 'व्हय व्हय, पुण्य सांगू न्हाई.'

नंतर एक वीज फार जवळ पडली. मी डावपेच म्हणून शेडमध्ये आलो. काठी वाऱ्याने धरणात गेली. उरलेली कणीक हातानेच टाकली, माशांची सवय मोडू नये.

११ ऑक्टोबर, शनिवार.
केशरबाईचा नवरा पेमा, त्याच्याकडून बांबूची काठी घेतली. दीड किलो कणीक. मासे शून्य. पण माझ्या जागेवर आता हाताएवढ्या शेपट्या दिसतात. उद्या पहाटे नक्की.

१२ ऑक्टोबर, रविवार. दुपारी.
पहाटे जाग आली नाही.

नऊला दिपाली आणि जावई पोचले, पाठोपाठ पेमा आणि केशरबाई दारात. हातात चार किलोचा रोहू. पहाटे माझ्या जागेवर जाळं टाकलं, असे अकरा निघाले. पेमा सगळ्यांसमोर म्हणाला, 'काकांनीच पोसलेले हायत. पयला मान तुमचा.'

शिवशंकररावांनी विचारलं, मामा चारून राहिले होते काय? केशरबाईने सगळं सांगितलं, छत्रीसकट. जावई हसले नाहीत. एवढं पुण्य आमच्या घरात कोणी केलं न्हाई, म्हणाले, आणि वाकून पाया पडले. हसले असते तर बरं झालं असतं.

मासा फक्कड झाला होता म्हणे. जावयांनी तीनदा रस्सा घेतला. दिपालीने आग्रह केला, पण शब्द तो शब्द. फ्रिजमध्ये आमिषाची कणीक उरली होती, तिच्या चार पोळ्या लाटून अनुसयाने वरणाबरोबर माझ्या पानात वाढल्या.

चारही संपवल्या. हिंग अगदी बरोबर पडला होता.