ओ बापाची एबी लेक

३ फेब्रुवारी, सोमवार
बाबा ओ आहेत. मी एबी!

त्यांचा नमुना लॅबमध्ये नेमका माझ्याच टेबलावर आला. रक्ताचा कॅन्सर – मोजायच्या होत्या फक्त पेशी. पण वेळ पडली तर आपणच रक्त देऊ, या विचाराने घाईघाईत स्लाइडवर थेंब घेऊन गट पाहिला. ए, बी कुठल्याच थेंबात गुठळी नाही, म्हणजे ओ.

आई बी. मग माझ्यातला ए आला कुठून? बापाकडूनच यायला हवा, आणि ओ बापाकडे तो द्यायला नसतोच. नव्या मुलींना हे मीच शिकवते. 

४ फेब्रुवारी
वॉर्डात बाबांना रक्त चढत होतं. पिशवीवर ठसठशीत ओ. म्हणजे माझं काही चुकलेलं नाही.

आई चमच्याने पाणी पाजत होती. "अहो, एक घोट तरी घ्या." मला तिच्या हाताकडे बघवेना. कोण असेल तो? बाबांचा तो गप्पिष्ट दोस्त? शी! स्वतःच्या आईबद्दल काय काय येतं मनात!

मला बघून बाबा म्हणाले, "आलं माझं नाक!" आमचं नाक सारखं म्हणे. बाथरूममध्ये जाऊन रडले.

५ फेब्रुवारी
लिहवत नाही.

७ फेब्रुवारी
बोलले एकदाची. माझ्या तोंडाला आवर नाही, पहिल्यापासून नाही.

बाबांचा डोळा लागला होता. "आई, खरं सांग, माझा बाप कोण?" ती टॉवेलची घडी घालत होती. आधी हसलीच – चेष्टा वाटली तिला. मग मी सगळं समजावलं, ए, बी, ओ, हिशोब मांडावा तसं. "काय बोलतेस गं हे? जीभ कशी झडत नाही तुझी!" मी म्हटलं, तपासणी खोटं बोलत नाही. ती मटकन खाली बसली.

वर पाहिलं तर बाबांचे डोळे उघडे.

८ फेब्रुवारी
"ते ए-बी तुझ्या लॅबमध्ये ठेव. लेक माझी आहे." एवढं बोलायलाही बाबांना किती दम लागला!

मग आईचा हात धरला. "जाऊ दे गं. मी माफ केलंय तुला."

"अहो, पण मी काही केलंच नाही हो!"

"बरं," म्हणाले. लहान मुलाची समजूत घालतात तसं. आई सांगत राहिली, रडत राहिली, ते तिचा हात थोपटत राहिले.

९ फेब्रुवारी
बाबा गेले.

१४ फेब्रुवारी
रक्तपेढीतल्या मोठ्या बाई भेटायला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "फसवा नमुना होता गं बाबांचा. या आजारात कधी कधी पेशींवरचा ए झाकला जातो, त्या ओसारख्या दिसतात. सीरम मात्र ए सांगत होतं. मेळ बसेना म्हणून आम्ही आपलं ओ दिलं. नंतर पक्कं कळलं, मूळचे ए गटाचेच होते ते."

मी सीरम, पेशी खाली बसल्यावर वर उरणारं ते पिवळसर पाणी, पाहिलंच नव्हतं! सीरम बघितल्याशिवाय गट सांगायचा नाही, हे लॅबमधलं कालचं पोरही जाणतं. बाई चहा पीत होत्या. मी नुसती मान हलवत राहिले.

१५ फेब्रुवारी
आईला सगळं सांगितलं. पाय धरले.

ती ओरडली नाही. म्हणाली, "आता हे त्यांना कोण सांगणार?"